निखाऱ्यावर उमटलेला चेहरा

मारुतीच्या पारासमोर दोनशे माणसं दाटीनं उभी होती. पारावर निखाऱ्यांची शेगडी, शेगडीमागं निखारेबाबा आणि बाबाच्या हातात कोरा कागद.

"दोन्ही बाजूंनी पाहून घ्या! लिंबू नाही, सुई नाही, बाहुली नाही! ज्यानं या लेकरावर करणी केली, त्याचं तोंड आपल्या पायानं चालत वर येईल!"

तोंडाला पाय फुटल्याचं कोणाला खटकलं नाही. समोर गोवर्धन आपल्या सात वर्षांच्या आचलला मांडीवर घेऊन बसला होता. महिनाभर पोरीला झटके येत होते. डोळे पांढरे व्हायचे, दातखिळी बसायची. बाबानं कागद निखाऱ्यांवर धरला. एक तपकिरी रेघ उमटली. मग कपाळ, सुरकुत्या, डोळे. गर्दीतून कोणी तरी किंचाळलं, "अवं माय! हे तं केशरबाई!"

केशरबाई म्हणजे गोवर्धनची शेजारीण. विधवा, एकटी.

गाव अंजनगाव सुर्जीजवळचं. नाव सांगत नाही. ती माणसं अजून एकमेकांच्या शेजारीच राहतात.

अपेक्षा तायडे अमरावतीच्या एका कला महाविद्यालयात अ‍ॅनिमेशन शिकवते आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. तिची विद्यार्थिनी प्रणाली त्याच गावची. तिसऱ्या दिवशी प्रणालीनं वर्गात मोबाइल पुढं केला; त्यावर पारावरचा व्हिडिओ होता. "मॅडम, पाहा ना. मले तं भेव लागून राहिलं."

अपेक्षा आधी हसली. मग सवयीनं तिनं व्हिडिओ थांबवून एकेक चौकट पुढं सरकवली, आणि तिचं हसू गेलं. चेहरा केशरबाईचा होता, पण रेघ अपेक्षाची स्वतःची होती. डोळ्याखालची ती तुटक वळणं ती वर्षानुवर्षं तशीच काढते. आपला हात आपल्याला न विचारता कुठं तरी जाऊन आला, असं तिला वाटलं.

मागच्या वर्षी एका पुस्तकासाठी ती केशरबाईच्या अंगणात चार दिवस चित्रं काढत बसली होती. निघताना त्यातलं एक तिला देऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघी गावात पोचल्या. केशरबाईच्या दारावर शेण फेकलेलं होतं. बऱ्याच हाका मारल्यावर कडी निघाली. म्हातारी अंधारात भिंतीला टेकून बसली.

"तूच काढलं होतं ना वं माह्यं तोंड?" ती हळूच म्हणाली. "खरं सांग पोरी. तवा तुले काही दिसलं होतं का? माह्या नजरेत काही हाय का? मले आता आरशात पाहाचं भेव लागते."

अपेक्षा तिच्याजवळ जाऊन बसली. "नाही आजी. काही नव्हतं. ते चित्र कुठं आहे?"

चित्र भिंतीवरच होतं. "पंधरा दिवसांखाली एक माणूस पाणी प्याले आला. म्हणे, याले काच लावून देतो. घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी काच न लावताच आणून देल्लं."

दुपारी बाबा पुन्हा पारावर बसला. आज उपाय सांगायचा होता: बाई गावाबाहेर काढा, पोरगी बरी होईल.

अपेक्षा सरळ आचलच्या आईकडं, कौशल्याकडं गेली. "ताई, तो कागद द्या."

कौशल्यानं नवऱ्याकडं पाहिलं, मग बाबानं सांभाळायला दिलेला तो कागद पदराखालून काढून दिला. अपेक्षानं तो केशरबाईच्या भिंतीवरून आणलेल्या आपल्या चित्रावर ठेवला आणि दोन्ही उन्हासमोर धरले. रेघेवर रेघ बसली. हनुवटीजवळ एक रेघ वेडीवाकडी सटकली होती, तीसुद्धा.

"ते बकरीनं धक्का मारला तवाचं," मागून आवाज आला. केशरबाई घराबाहेर आली होती.

"करणी करणाऱ्याचा चेहरा दैवी शक्ती दाखवते म्हणता," अपेक्षानं विचारलं, "मग त्या शक्तीनं माझी चूक कशाला गिरवली?"

"आमची विद्या तुला कळायची नाही, बाई!" बाबा ओरडला.

प्रणालीनं घरून आणलेलं लिंबू कापलं. रसात काडी बुडवून एका कोऱ्या कागदावर रेघा ओढल्या, उन्हात वाळवल्या आणि कागद बाबाच्याच शेगडीवर धरला. बाबाची दाढी उमटली, मग नाक. कोणी हसलं नाही.

गोवर्धननं बाबाची पिशवी ओढून उपडी केली. लिंबाच्या रसाची बाटली पडली आणि तीन कोरे कागद. अपेक्षानं एकेक कागद निखाऱ्यांवर धरला. तिन्हींवर बाया उमटल्या. तिघीही म्हाताऱ्या. या गावातली एकही नव्हती.

पोलिसांनी ते कागद आणि बाबा, दोन्ही नेले. त्यातल्या दोघींचा पत्ता लागला, तिसरीचा अजून नाही. आचलला मिरगी आहे, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं; गोळ्या सुरू झाल्या आणि झटके कमी झाले. कौशल्या केशरबाईकडं जाऊन रडली. केशरबाईनं तिला चहा दिला, पण चित्र अपेक्षाला परत केलं. "भिंतीवर नको आता."

कित्येक महिने अपेक्षाच्या हातून एकाही म्हातारीचा चेहरा निघाला नाही.

लिंबाचा रस शेकला की तपकिरी होतो. कोणत्याही स्वयंपाकघरात करून पाहा, दहा मिनिटं लागतील. त्या पारासमोर दोनशे माणसं होती, आणि कागद आला कुठून, हे एकानंही विचारलं नाही. तुम्ही विचारा. आणि लेकरू आजारी असेल तर त्याला दवाखान्यात न्या. त्याच्या दुखण्यासाठी कोणाचा चेहरा शोधू नका; शोधायला निघालात, की तो एखाद्या एकट्या बाईचाच सापडतो.