वरची तीन लेकरं

मंजुषाबाई शाळेत होत्या तेव्हा त्यांना गणिताची भीती कधी वाटली नव्हती. ती वाटू लागली मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसल्यावर, आणि तीही एकाच आकड्याची. एकसष्ट.

शहरात नगर परिषदेच्या अकरा प्राथमिक शाळा. मंजुषाबाईंची शाळा पाण्याच्या टाकीखाली, म्हणून सगळे तिला टाकीची शाळा म्हणत. लांबलचक खरं नाव होतं, पण ते फक्त लेटरहेडला माहीत होतं. पहिली ते पाचवी, वर्ग पाच आणि शिक्षक तीन. पाच वर्गांना तीन शिक्षक ही सरकारला चैन वाटते. नियम असा, की तीस सप्टेंबरला पटावर किती मुलं आहेत ते मोजायचं, आणि त्यातही ज्यांचं आधार कार्ड शाळेच्या रजिस्टरशी जुळतं तेवढीच धरायची. साठपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं मूल आलं की तिसरा. पगार सरकारी तिजोरीतून येतो खरा, पण तो माणसासाठी येत नाही, पटासाठी येतो. पट घसरला की पद जातं आणि पदावरचं माणूस 'अतिरिक्त' ठरतं. वीस वर्षं बाराखडी शिकवलेलं माणूस एका सकाळी अतिरिक्त! हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा पाच वर्ग एका खोलीत बसवून सांभाळायला द्यायला हवेत.

टाकीच्या शाळेवर अशी पाळी आली तर कोण जाणार, हे विचारायचीही गरज नव्हती. भावना जाणार. भावनाची नोकरी चौदा वर्षांची, पण त्यातली अकरा वर्षं तिनं तिकडे पार दुसऱ्या टोकाच्या एका नगर परिषदेत काढली होती. नवरा इकडे, मुलगी मयुरी इकडे, आणि ही पंधरा दिवसांतून एकदा बसनं येणार. अर्ज करकरून तीन वर्षांपूर्वी बदली मिळाली, पण अशी बदली घेतली की जुनी ज्येष्ठता पुसली जाते. त्यामुळे चाळिशीची भावना शहराच्या शिक्षकयादीत अगदी तळाला, कालच्या पोरीटोरींच्याही खाली. पहिलीचा वर्ग तिचा. तिच्या हातची मुलं दिवाळीपर्यंत वाचायला लागत. मयुरी यंदा दहावीला होती आणि आई घरी असण्याची तिला नुकती कुठे सवय झाली होती.

जुलैत पटावर त्रेसष्ट मुलं होती. पण त्यातल्या चौघांचं आधार जुळत नव्हतं. आईबापांना जन्मतारीख आठवली नाही की आधारवाला सरळ एक जानेवारी टाकून मोकळा होतो. म्हणजे पक्की मुलं एकोणसाठ. मंजुषाबाई रोज प्रार्थनेला डोळे मिटायच्या ऐवजी पोरं मोजत. एखादं तापानं घरी राहिलं तरी त्या त्याच्या घरी निरोप धाडत, जणू ते मूल कायमचंच गेलं. बोरगाव मेघेच्या आपल्या घरी भाजी चिरताना त्यांच्या तोंडून आकडे निघत. नवरा म्हणे, "अवं, कांदे किती चिरले ते मोजतेस का?"

भावना मात्र आकडे मोजत बसली नाही. तिनं स्कूटी काढली. एका मुलाचा जन्म गिरडचा, एका मुलीचा अल्लीपूरचा. आईबाप मजुरीवर जाणारे, दाखला कोण आणणार? भावना आणत गेली. रविवारी ग्रामपंचायतीच्या सचिवाच्या घरी जाऊन बसायची, सोमवारी पोरांना घेऊन आधार केंद्राच्या रांगेत.

"होते मॅडम, होऊन जाते. तुमी काऊन एवढं टेन्शन घेता?" ती म्हणायची. जिची नोकरी जायची तिनं धीर द्यायचा आणि जिची राहायची तिनं घाबरायचं, असा उलटा प्रकार चालला होता.

ऑगस्टात मुख्याध्यापकांची सभा झाली. या सभेत एक रीत आहे, ती कुठल्या परिपत्रकात नाही. तिथे आपला खरा पट कुणी कुणाला सांगत नाही. कमी सांगावा तर शेजारच्या शाळेचे शिक्षक तुमच्या पालकांच्या दारात उभे राहणार. "ती शाळा तं बंदच होऊन राह्यली, लेकरू आमच्याकडं टाका," म्हणणार. म्हणून प्रत्येक जण फुगवून सांगतो. मंजुषाबाईंनीही चहा पिता पिता "पंचाहत्तरच्या वर" असं ठोकून दिलं होतं. मग त्यांनी बाजाराच्या शाळेच्या गजेंद्र सरांना सहज म्हणून विचारलं.

"आमचं काय इचारता मॅडम!" गजेंद्र सर मोठ्यानं म्हणाले, दहा जणांना ऐकू जाईल असं. "ऐंशी! बसाले चटया पुरून नाई राह्यल्या."

रीत मंजुषाबाईंना माहीत होती. स्वतः त्यांनी पाच मिनिटांपूर्वीच ती पाळली होती. पण घाबरलेल्या माणसाला जे हवं असतं ते त्याला खरंच वाटतं. ऐंशीतली तीन गेली तर या माणसाला काय फरक पडतो, असं मनाशी म्हणत त्या घरी आल्या.

बाजारात आनंदाबाईंचं फुटाण्यांचं दुकान होतं. त्यांची तीन नातवंडं बाजाराच्या शाळेत, पहिली, तिसरी आणि चौथीत. तिघांचं आधार स्वच्छ, एकही चूक नाही. मंजुषाबाई फुटाणे घ्यायला म्हणून गेल्या आणि बोलणं काढलं. आमच्याकडे पहिलीला भावना मॅडम आहेत, पोरं कशी वाचतात बघा. शिवाय ऑटो दारातून नेईल, दारात सोडेल, ऑटोचं आम्ही बघू.

"फुकटात?" आनंदाबाईंनी विचारलं.

"फुकटात."

"मंग घेऊन जा बाई. रस्ता ओलांडाले तसंबी भेव वाटते मले."

ऑटोचे पैसे मंजुषाबाई आणि भावना अर्धे अर्धे देणार होत्या. तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण शहरातले निम्मे शिक्षक हेच करत होते.

आता घोडं अडणार होतं ते मुलांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर. तिथे जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानं होकार दिल्याशिवाय मूल हलत नाही. मंजुषाबाईंनी विनंती टाकली आणि दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी होकार आला. एक शब्द नाही, भांडण नाही. बघ, म्हटलंच होतं, भरपूर आहेत त्याच्याकडे, असं त्या भावनाला म्हणाल्या आणि दोघींनी कोथिंबिरीची सांबारवडी मागवली.

सप्टेंबरच्या चोविसाव्या तारखेला भावना धावत ऑफिसात आली. चौथ्या मुलाचं आधारही जुळलं होतं. पोर्टलवर सगळे हिरवे! एकोणसाठ आणि चार त्रेसष्ट, वर आनंदाबाईंची तीन. सहासष्ट. मंजुषाबाईंनी तीनदा बेरीज केली, मग खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना खरंच बरं वाटलं.

भावना दारातच घुटमळली. "मॅडम, एक बोलू? ते आनंदाबाईचे तिघं परत पाठवाचे का? ती लहानी रोज ऑटोत झोपून जाते. त्यांची शाळा घरासमोरच, रस्त्याच्या पलीकडं हाये. आता आपलं तं भरलं."

मंजुषाबाईंनी डोळे उघडले. भीती अशी असते की ती जायला निघाली तरी उंबऱ्यात रेंगाळते. सहा दिवस बाकी होते. सहा दिवसांत एखादं कुटुंब गाव सोडून गेलं तर? पोर्टलवरचा हिरवा रंग पुन्हा लाल झाला तर? "असू दे," त्या म्हणाल्या. "वरची तीन असली तर जीवाले बरं वाटते. पुढच्या वर्षीही कामी येतील."

"पण मॅडम…"

"तुझ्याचसाठी करून राह्यली न मी, भावना!"

ती वर्गावर गेली.

आदेश नोव्हेंबरच्या शेवटी आला. टाकीची शाळा, मंजूर पदं तीन. मंजुषाबाईंनी मोबाइलवर तो कागद मोठा करकरून पाहिला आणि देवाला हात जोडले. दुपारी दुसरा कागद आला, अतिरिक्त शिक्षकांची यादी. यादी कसली, त्यात एकच नाव होतं. भावनाचं.

चूक असणार. कारकुनांच्या हातून अशा चुका होतात. मंजुषाबाई तशाच ऑटो करून नगर परिषदेत गेल्या. शिक्षण विभागात रूपराव म्हणून जुना कारकून होता, नियमांचं चालतंबोलतं कपाट. त्याच्या टेबलासमोर गजेंद्र सर आधीच बसलेले होते, केस विस्कटलेले, हातात तोच कागद.

"रूपरावजी, आमच्याकडे तीन पदं मंजूर आहेत. मग भावनाचं नाव कसं?"

"मॅडम, तुमचं पद कुठं गेलं? तुमचं पक्कं हाये," रूपराव शांतपणे म्हणाला. "पद गेलं बाजाराच्या शाळेचं. त्यांचे भरले साठ. तिथल्या सुमित्रा मॅडमचं पद गेलं, पण त्या ज्येष्ठतेच्या यादीत चौथ्या हायेत, त्यांले कोण काढते? यादी तं अकराही शाळांची एकच. जाणारं माणूस शेवटचं. सुमित्रा मॅडम तुमच्या शाळेत येतीन, अन् भावना मॅडम विभागातल्या ज्या गावात जागा रिकामी असन तितं जातीन."

हा नियम मंजुषाबाईंना नवा नव्हता. त्यांनीच मागे एका नवख्या शिक्षिकेला तो बसून समजावला होता. पण दोन महिने त्या आपल्याच अंगणातली पोरं मोजत राहिल्या, आणि यादी सगळ्या शहराची आहे हे त्यांना एकदाही आठवलं नाही.

"साठ?" त्या गजेंद्र सरांकडे वळल्या. "सर, तुमी तं ऐंशी सांगितले होते!"

"अन् तुमी पंचाहत्तर सांगितले होते, मॅडम," गजेंद्र सर म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशीसारखा मोठा नव्हता. "मले वाटलं, तुमाले गरज नाई, तुमी तं आनंदाबाईच्या आग्रहानं घेतले असतीन. चारचौघांत ऐंशी म्हणून बसलो होतो, तिघांसाठी कोणत्या तोंडानं नाई म्हणू? त्रेसष्ट होते माह्याकडं. पूर्ण जुळलेले."

त्रेसष्ट वजा तीन. हे गणित पहिलीतल्या पोरालाही यायला पाहिजे.

"रूपरावजी, आता ती परत पाठवली तर? आज पाठवते. एक तरी पाठवते!"

रूपरावनं चष्मा काढून पुसला. "तीस सप्टेंबरले जो जितं होता तो तितं, मॅडम. आता परमेश्वर आला तरी बदलत नाई."

परत येताना मंजुषाबाईंनी ऑटोत कारणं जुळवून पाहिली. नियमच वाईट आहे, हे खरंच होतं. गजेंद्र सर फुशारकी मारत बसले, तेही खरं. सरकारनं साठ आणि एकसष्टमध्ये एका बाईचा संसार ठेवावा, हे तर अगदीच वाईट. सगळं खरं होतं आणि तरी चोवीस सप्टेंबरची ती दुपार काही केल्या बाजूला सरकत नव्हती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. सहासष्ट झाली होती. एक मूल परत गेलं असतं तरी बाजाराच्या शाळेला पुरलं असतं.

शाळा सुटत आली होती. भावना पहिलीच्या वर्गात फळा पुसत होती. कागद तिनंही पाहिला होता. डोळे लाल होते, पण ती मंजुषाबाईंनाच खुर्ची देत म्हणाली, "बसा मॅडम. तुमी तं जीव तोडून केलं. माह्या नशिबालेच जागा नाई, तुमी काय करान?"

तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. भावना कुणाला विचारायला जाणार नव्हती. मंजुषाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, साठ, त्रेसष्ट, सुमित्रा मॅडम, शहराची यादी, सगळं. "मी भ्याले होते भावना. तू म्हटलं होतंस परत पाठवा म्हणून. मीच नाई म्हटलं."

भावना फळ्याकडे वळली. डस्टर तिच्या हातातच होतं. बाहेर ऑटोवाल्या कैलासचा हॉर्न वाजला आणि आनंदाबाईंची धाकटी दप्तर घासत पळाली.

"आदेश द्या," भावना म्हणाली. तिनं रूपरावनं दिलेल्या कार्यमुक्तीच्या कागदावर मंजुषाबाईंनी बोट ठेवलं तिथे सही केली, तारीख टाकली, कागद परत दिला. मग पर्स खांद्याला लावली आणि दारात जाऊन थांबली.

"मॅडम, यवढे वर्षं सुट्टीतून परत जाताना मी मयुरीले सांगत होती, आता एकच वर्ष, मंग मी इथंच. आता पुन्हा तिच्यापुढं उभं राहून खोटं बोलणं मले जमणार नाई, अन् खरं सांगणं बी जमणार नाई." तिनं पहिल्यांदाच मंजुषाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "ती आता घरी आली असन. तुमी चला संगं. तुमीच सांगजा तिले, एका लेकरापायी काय झालं ते."

मंजुषाबाईंना अधिकाऱ्यांची भीती वाटे, पोर्टलची वाटे, लाल रंगाची वाटे. पंधरा वर्षांच्या एका मुलीची इतकी भीती वाटेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी ऑफिसला कुलूप घातलं आणि त्या भावनाच्या मागे स्कूटीवर बसल्या.