शाब्बास म्हणणारा आवाज

मूल उशिरा बोलायला लागलं की सल्ले द्यायला सगळे पुढे असतात. "मोठी झाली की बोलेल," "लाडावून ठेवलीय," "मोबाइल काढून घ्या." भिंगरीच्या आईनं हे सहा वर्षं ऐकलं. शेवटी वाचाउपचार करणाऱ्या ताईंनी तपासून सांगितलं, की मुलीला ऐकू नीट येतं, ती हुशारही आहे. पण तिला भाषा शिकण्याचीच अडचण आहे. इतर मुलांच्या मनात शब्द दोन-चारदा ऐकून बसतो, हिला तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो.

उपाय साधा होता. एकच चित्रांचं पुस्तक रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून वाचायचं. ठरवलेल्या सहा शब्दांपाशी थांबायचं, अर्थ सांगायचा, हातानं करून दाखवायचं आणि तिला बोलायला वेळ द्यायचा. आईची दवाखान्यातली पाळी दुपारपासून आठपर्यंत, म्हणून हे काम बाबांकडे आलं. बाबा जाहिरातींना आवाज देत. या आवाजावर तर आई लग्नाआधीपासून भाळलेली!

"वाचलंस का रे?" ती रोज फोनवर विचारी.

"वाचलं की! सहाच्या सहा शब्द घेतले," हे उत्तर ठरलेलं.

दोन महिन्यांनी ताईंनी पाहिलं, तर भिंगरीला सहापैकी एकही शब्द येत नव्हता. त्या कोड्यात पडल्या. "पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. तेव्हाही असंच असेल तर हिला याचा उपयोग होत नाही, असं शाळेला पत्रानं कळवावं लागेल." आणि मुलीला वर्गात ठेवायचं की नाही, हे शाळा त्याच पत्रावरून ठरवणार होती! आईला पोटच्या पोरीचा राग आला. बाबा घसा कोरडा करतो आणि ही मात्र ढिम्म, असं ती बोलूनही गेली.

गुरुवारी दवाखान्यातली वीज गेली आणि आई सहालाच घरी आली. दाराबाहेरच तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. "माकडाच्या हातून फुगा निसटला. निसटला म्हणजे काय झालं? सांग बरं..." थोडी शांतता. मग लाडानं, "शाब्बास!"

आईचे डोळे भरून आले. तिनं हळूच दार ढकललं.

खोलीत भिंगरी एकटीच होती. पुस्तक उशीखाली दबलेलं. आवाज फळीवरच्या स्पीकरमधून येत होता. "सांग बरं..." तो म्हणाला. भिंगरी चादरीचे दोरे उपसत होती. "शाब्बास!" म्हणाला आवाज. बाबा खालच्या मजल्यावर कॅरम खेळत होते.

"आवाज माझाच आहे ना?" वर आल्यावर बाबा म्हणाले. "जीव ओतून रेकॉर्ड केलंय. रोज तेच ते वाचायचं, ती ढुंकून बघत नाही. हे निदान न चुकता वाजतं तरी."

"केसानं गळा कापलास माझा!" आई म्हणाली. "दोन महिने रोज खोटं! आणि मी कुणावर रागावले? तिच्यावर!"

दुसऱ्या दिवशी भिंगरीला घेऊन तिनं त्यांना ताईंसमोर उभं केलं. बाबांनी तिथंही बाजू मांडून पाहिली. ताईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "वाचा."

बाबांनी वाचलं. शब्दापाशी थांबले. "निसटला म्हणजे काय झालं? सांग बरं..."

भिंगरीनं भिंतीकडे बघत थोडा वेळ जाऊ दिला. मग थेट त्यांच्याच सुरात म्हणाली, "शाब्बास!"

बाबांनी पुस्तक मिटलं.

"जे ऐकवलंत ते ती शिकली," ताई म्हणाल्या. "ती कुठं बघतेय, कुठं अडलीय, हे स्पीकरला दिसतं का? ती चुकली तर कोण सांगणार? शब्द नुसता कानात ओतून भागत नाही हो. तो कुणाबरोबर तरी सापडावा लागतो. तुमच्यावर विसंबून मी या पोरीवर शिक्का मारणार होते. मलाही तोंडघशी पाडलंत तुम्ही!"

"चुकलो," बाबा म्हणाले.

पत्र ताईंनी महिनाभर पुढे ढकललं. पहिले चार दिवस भिंगरी बाबांजवळ फिरकलीच नाही. पाचव्या दिवशी बसली. बाबा फुगा हातातून सोडत, धावत, पकडत, पुन्हा सोडत. दहाव्या दिवशी ताटातला चमचा खाली पडला आणि ती ओरडली, "निसटला!" बाबांच्या तोंडावर शाब्बास आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "हो गं, निसटला! कुठं गेला?" म्हणत ते तिच्यासोबत टेबलाखाली शिरले. महिन्याअखेर सहापैकी चार शब्द आले. ताईंनी शाळेला लिहिलं, हिला वर्गातच ठेवा.

आई मात्र आता नवऱ्याला विचारत नाही. घरी आली की मुलीलाच विचारते, "आज बाबा होता?" भिंगरी आपल्या शेजारची गादी थोपटते. "बाबा इथं." तेव्हा कुठं आई चपला काढते.

मित्रहो, तो विश्वास पुरता परतायला वेळ लागेल, आणि ते रास्तच आहे. आपण मोठी माणसं कामचुकारपणा करतो आणि "याला येतच नाही" हा ठपका मात्र मुलावर ठेवून मोकळे होतो. तुमच्या घरात, शेजारी असं एखादं मूल असेल, तर त्याला शेवटच्या बाकावर ढकलण्याआधी स्वतःला विचारा, त्याच्या शेजारी आपण खरोखर बसलो होतो का?