परीक्षेच्या दिवशी पोटभर

लॉन्ड्रीत सगळे त्या पोरीला वकीलीण म्हणायचे. शाळा सुटली की ती आईपाशी यायची, चादरींच्या गठ्ठ्यावर बसायची आणि समोर दिसेल त्याच्याशी वाद घालायची. मालकाने एकदा गमतीने विचारलं, "काय गं, दोन माणसं एक काम चार दिवसांत करतात, तर चार माणसं किती दिवसांत करतील?" तर ही म्हणे, "माणसं कुणाची त्यावर आहे. तुमची असतील तर सहा दिवस. दोघं काम करतील, दोघं त्यांच्याशी गप्पा मारतील." मालक कपाळावर हात मारून आत निघून गेला. इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या असलेल्या तिच्या आईने मान वर केली नाही, पण कॉलरवरून इस्त्री फिरवता फिरवता ती गालातल्या गालात हसली. हसण्यासारखे दिवस होते ते.

मग समोरचं मोठं हॉटेल दुरुस्तीसाठी बंद झालं आणि चादरींचं काम निम्म्यावर आलं. इस्त्रीवालीला नगावर पैसे मिळायचे. नग कमी झाले तसा घरातला भात कमी झाला. हे समजायला कुणी विद्वान लागत नाही, पण का कोण जाणे, विद्वानांनाच ते उशिरा समजतं. नवरा काम शोधायला म्हणून गेला होता, तो अजून शोधतच असावा. घरात ती आणि दोन पोरी. सकाळी चहात बुडवलेला पाव, संध्याकाळी डाळीचं पाणी आणि मूठभर भात. आई म्हणायची, "मी लॉन्ड्रीत खाल्लं," आणि पोरी मान डोलवायच्या. त्या खोट्याने कुणी फसत नव्हतं, पण त्यावर घर चाललं होतं.

भुकेची एक खोड आहे. ती बाहेरून भुकेसारखी दिसतच नाही. वर्गात वकीलीण सकाळी पहिला हात वर करायची आणि दुपारी तिच्याच वहीतली बेरीज तिला जुळायची नाही. फळ्यावरचं उतरवताना मधली ओळच गळायची. कुणी तिचं खोडरबर उचललं तर ती त्याच्या अंगावर धावून जायची आणि नंतर स्वतःच बाकाखाली तोंड घालून रडायची. आधीच्या मास्तरांनी शेरा मारला होता, 'उद्धट. लक्ष नाही.' झालं, एका पोरीचा निकाल लावून ते मोकळे झाले. नवीन आलेल्या बाईंना मात्र ही सकाळची पंडित दुपारी मठ्ठ कशी होते, याचं कोडं पडलं. मधल्या सुट्टीत सगळी मुलं डबे उघडत होती आणि ही नळावर पाणी पीत होती, तेव्हा ते कोडं सुटलं.

बाईंनी जमेल ते केलं. गावाबाहेर मुलींची एक निवासी शाळा होती. फी नाही, राहायला खोली आणि दिवसातून तीन वेळा जेवण. तिथून बाहेर पडलेल्या मुली डॉक्टर होत, इंजिनीअर होत, निदान दुसऱ्याच्या चादरी इस्त्री करत नसत. प्रवेशासाठी एक परीक्षा होती आणि ती याच इयत्तेच्या मुलींना देता येई. पुढच्या वर्षी बसू म्हणायची सोय नव्हती. बाईंनी वकीलीणीचं नाव दिलं आणि इस्त्रीवालीला बोलावून सांगितलं, "पोरीत दम आहे. फक्त एक करा, परीक्षेला तिला उपाशी पाठवू नका. पोट भरलेलं असलं की डोकं चालतं. पोटभर खायला घाला."

इस्त्रीवालीने ते काळ्या दगडावरची रेघ मानलं. इथेच घात झाला, आणि तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पोटभर म्हणजे परीक्षेच्या दिवशी पोटभर, असंच तिने धरलं. आणि एका दिवसाचं पोटभर आणायचं कुठून? तर आधीच्या आठवड्यातून. रोजच्या भातातली एक मूठ मागे राहू लागली. बटाटे फळीवर चढले. दुधाची एक पिशवी आणि अंडी शेवटच्या दिवशी यायची होती, त्यासाठी सकाळचा पाव बंद झाला. तिघींनी पोटाला चिमटा काढला, आणि तिघींत जिला अभ्यास करायचा होता तिनेही.

"आई, आज भात एवढाच?" वकीलीणीने विचारलं.

"परीक्षेच्या दिवशी खा हवा तेवढा."

"पण अभ्यास आजच करायचाय ना? मला आकडे हलताना दिसतायत."

"वाद घालू नकोस. पाणी पी आणि जरा पड."

पहिल्यांदाच ती वाद न घालता जाऊन पडली. आईला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

परीक्षेच्या सकाळी इस्त्रीवालीने फळीवरचं सगळं खाली काढलं. ताटात भाताचा ढीग, त्यावर डाळ, बाजूला तेलात परतलेले बटाटे, तीन अंडी आणि पेलाभर गरम दूध. वकीलीण ताटाकडे बघतच राहिली. धाकटी दाराला टेकून उभी होती आणि बहिणीचा हात ताटातून तोंडाकडे जाईल तशी तिची मान वर-खाली होत होती. वकीलीणीने एक अंडं तिच्यापुढे धरलं.

"आज नाही," आई म्हणाली. "आज तू खायचंस. तिला मी नंतर बघते."

वकीलीण खात राहिली. मध्येच थांबून म्हणाली, "बास झालं आई, आता जात नाही."

"दोनच घास गं राणी. एक गणिताचा, एक भाषेचा."

तिने ते दोन घासही खाल्ले. पेला चाटूनपुसून रिकामा केला. इस्त्रीवालीने तिची वेणी घातली, लॉन्ड्रीतून कडक इस्त्री करून आणलेला शाळेचा सदरा तिच्या अंगावर चढवला आणि परीक्षेच्या हॉलपर्यंत तिचा हात धरून नेलं. वाटेत वकीलीण फारसं बोलली नाही. फाटकातून आत जाताना मात्र वळून हसली आणि पोटावरून हात फिरवून दाखवला. इतकं सुख इस्त्रीवालीला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

त्या दिवशी तिच्या इस्त्रीला नुसते पंख फुटले होते. टेबलक्लॉथवर पाणी शिंपडावं, कोपरे ताणावेत, एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं. मालक म्हणाला, "आज काय लॉटरी लागली का?" ती म्हणाली, "लागेल. जरा दम धरा."

दुपारी ती फाटकावर जाऊन उभी राहिली. पोरी बाहेर पडत होत्या, हे उत्तर काय आलं, ते काय आलं, असा एकच कलकलाट चालला होता. वकीलीण सगळ्यांत शेवटी आली. तिचे डोळे सुजले होते आणि एका गालावर, उशीवर बराच वेळ राहिल्यावर पडते तशी, लाल चुणी पडली होती. आईला वाटलं, रडली असणार.

"काय झालं? कसा गेला पेपर?"

"अवघड होता."

"किती सोडवलास?"

वकीलीण सदऱ्याची कड चुरगाळू लागली. आणि मग इस्त्रीवालीच्या आत आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, तिचा उपास, धाकटीचे डोळे, सगळंच. भर रस्त्यात ती ओरडली, "आम्ही उपाशी राहिलो तुझ्यासाठी! ढीगभर खाल्लंस आणि सगळं पाण्यात घातलंस!"

जगाशी वाद घालणारी ती पोर खाली मान घालून ऐकत उभी राहिली.

त्यानंतर ती बदलली. चादरींच्या गठ्ठ्यावर येऊन बसे, पण मालकाने डिवचलं तरी नुसती बघे. वर्गात हात वर करायचा तिने सोडून दिला, सकाळचासुद्धा. घरी ताट पुढे आलं की अर्धं धाकटीकडे सारून म्हणे, "मला नको. मी कुठे पास होणार आहे?" ते ऐकून इस्त्रीवालीला आपलं रस्त्यातलं ओरडणं आठवे. पण रागाने बोललेला शब्द परत कसा घ्यायचा हे तिला येत नव्हतं, म्हणून ती ताटात अजून थोडा भात वाढे आणि पोर तोही सारून देई.

निकाल लागला. नाव नव्हतं. त्याच आठवड्यात बाई स्वतः लॉन्ड्रीत आल्या.

"मी त्या शाळेत जाऊन विचारून आले," त्या म्हणाल्या. "पहिलं पान अख्खं बरोबर आहे हो. एकही चूक नाही. पुढची पानं कोरी. हॉलवरच्या बाई म्हणाल्या, ही मुलगी झोपली होती. त्यांनी हलवून उठवलं, पाणी दिलं, ती बसायची आणि पुन्हा बाकावर कलंडायची. रात्री जागली होती का?"

"नाही." इस्त्रीवालीने इस्त्री बाजूला उभी करून ठेवली. "पोटभर जेवली होती. तुम्ही सांगितलं होतं तसं."

"आणि आदल्या दिवशी?"

मग इस्त्रीवालीने सगळं सांगितलं. भाताची मूठ, बटाटे, बंद झालेला पाव. सांगता सांगताच तिला कळत गेलं. बाई चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. आठवडाभर रिकाम्या राहिलेल्या एवढ्याशा शरीराला एकदम इतकं अन्न मिळाल्यावर त्याने डोकं बंद करून झोपायचं नाही तर काय करायचं? दोघींनीही पोरीचं भलंच केलं होतं. तेच दोघींना सोसवेना.

"पुन्हा बसता येईल का तिला?" इस्त्रीवालीने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

संध्याकाळी वकीलीण पायरीवर बसून धाकटीच्या केसांतला गुंता सोडवत होती. आई तिच्याशेजारी टेकली.

"तू मला सांगितलं का नाहीस? झोप लागली म्हणून?"

वकीलीणीचा हात थांबला. ती म्हणाली, "तू म्हणाली असतीस, पोटभर खाल्लं की ही झोपते. मग पुन्हा कधी दिलं नसतंस."

इस्त्रीवालीने तिला ओढून छातीशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली. "माझं चुकलं गं. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

"मी बोटं चावली आई. पेन्सिल टोचून बघितली. दुसऱ्या पानावरचंही सगळं येत होतं मला. पण अंग इतकं ऊबदार झालं ना... रागावणार नाहीस ना? इतकं छान वाटत होतं."

"नाही रागावणार."

वकीलीणीने आईच्या कुशीतून मान वर केली. वाद घालायचा म्हणून नव्हे, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"आई, त्या शाळेतल्या मुली तर रोज तीन वेळा जेवतात. त्यांना नाही का वर्गात झोप येत?"

"नाही येत. रोज जेवलं की अंगाला सवय होते."

"किती दिवस लागतात सवय व्हायला?"

इस्त्रीवालीने धाकटीच्या केसांतला राहिलेला गुंता सोडवायला घेतला. वकीलीण तिच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.