चारशे यार्डांची रेघ

वेंडलच्या दुकानात बाबाने रायफलीवर बसवायची तिसरी दुर्बीण डोळ्याला लावली आणि खिडकीतून रस्त्यापलीकडच्या धान्याच्या कोठारावर नेम धरला.

"ह्याच्यात रेघा आहेत की रेल्वेचे रूळ?"

"तुझ्या डोळ्यांना रूळच लागणार, हाल्व्हर," काउंटरमागून वेंडल म्हणाला. "मोतीबिंदू घेऊन एल्क मारायला निघालास. गावातल्या गायी कोंडून ठेवायला सांगू का?"

"तू घरात बसलास तरी पुरे. पाठमोरा तू एल्कच दिसतोस."

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. लाकडाच्या गिरणीत काम करता करता त्याने अडतीस एल्क, म्हणजे सांबराहून मोठी हरणं, मारले होते आणि जखमी होऊन हातचा एकही गेला नव्हता. हे तो कधी बोलून दाखवत नसे. गावाला ते ठाऊक होतं. सोळा वर्षं अर्ज केल्यावर यंदा वरच्या खोऱ्यातल्या एका नराचा परवाना सोडतीत त्याच्या नावाने निघाला होता, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की यानंतर चढण नाही. शेवटचा एल्कही जागेवर पडावा, एवढंच त्याला हवं होतं.

दुर्बिणीची निवड माझ्यावर होती, कारण मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते.

जुन्या दुर्बिणीत नुसती फुली होती. खोऱ्यात मात्र चारशे यार्डांवरून बार टाकावा लागतो, आणि तेवढ्यात गोळी हातभर खाली येते. बाबा नेम तेवढा अंदाजाने वर धरायचा. आता फुलीखाली अंतराप्रमाणे रेघा असलेली दुर्बीण घ्यायची हे ठरलं. तिचे दोन प्रकार मिळतात. एकीत चित्र मोठं केलं की रेघाही मोठ्या होतात. त्यांचं माप कधी चुकत नाही, पण चित्र लहान केलं की त्या केसाइतक्या बारीक होतात आणि बाबाला दिसत नाहीत. दुसरीत रेघा कायम ठसठशीत राहतात, पण त्यांचं माप फक्त सगळ्यात मोठ्या चित्राला, म्हणजे बाराच्या आकड्याला, बरोबर असतं.

मी दुसरी घेतली.

"बघ हं, मास्तरीणबाई," वेंडल म्हणाला. "तो चाळीस वर्षं फुलीवर जगलाय."

"बारावर ठेवायचं, एवढंच लक्षात ठेवायचंय."

"मी बहिरा नाही, पोरी," बाबा म्हणाला.

सप्टेंबरभर आम्ही खाणीमागच्या मैदानावर सराव केला. चारशे यार्डांवर त्याच्या पाचही गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत बसल्या. प्रत्येक रेघेचं अंतर मी कागदावर लिहून तो दस्त्याला चिकटवला. वर 'बारा' असं ठळक लिहिलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, खोऱ्यात तंबू ठोकल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, नर बाहेर आला. सूर्य डोंगराआड जाऊन वीस मिनिटं झाली होती, कायद्याने बार टाकायला आणखी दहाच उरली होती. तो समोरच्या उतारावर काळ्या झाडांच्या कडेला आडवा उभा राहिला. मी अंतर मोजलं.

"तीनशे नव्वद. वारा नाही."

बाबा पिशवीवर रायफल टेकवून पालथा पडला होता. "दिसतोय," तो म्हणाला. मी माझ्या दुर्बिणीतून नराच्या खांद्याकडे बघत होते, बाबाच्या हाताकडे नाही.

बार झाला आणि नर जागच्या जागी कोसळला. पाय दुमडून, वीज पडल्यासारखा.

"पडला," मी म्हणाले. "बाबा, पडला!"

"फार पटकन पडला," तो म्हणाला.

उतार ओलांडायला आम्हाला पाऊण तास लागला. तिथे दबलेलं गवत होतं, केसांचा पुंजका आणि हाडाचा पांढरा तुकडा. नर नव्हता. छातीवर लागलेला एल्क सहसा चार पावलं धावून पडतो. जागेवर कोसळून पुन्हा उठतो तो पाठीच्या कण्याच्या वर लागलेला. गोळी वीतभर वर गेली होती.

मी बॅटरी त्याच्या खांद्यावरच्या रायफलीकडे वळवली. आकडा आठवर होता.

अंधारू लागलं की प्रत्येक जुना शिकारी आकडा कमी करतो. चित्र लहान होतं, पण उजेड वाढतो. नुसत्या फुलीला त्याने काही फरक पडत नाही, ती कुठल्याही आकड्याला मध्यावरच असते. रेघांना पडतो. आठवर चारशेची रेघ गोळीची घसरण दीडपट धरते, आणि गोळी तेवढी वर जाते. हे गणित मी मुलांना फळ्यावर करून दाखवू शकते. चाळीस वर्षांची त्या हाताची सवय मी गणितात धरली नव्हती. आकड्याच्या कड्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला असता तर पुरलं असतं.

बाबा रक्त शोधायला वाकला. मी "रायफल दे, मी धरते," म्हणाले आणि कडं बारावर फिरवलं.

दोन दिवस आम्ही माग काढला. पहिल्या दिवशी रक्त पावलागणिक होतं. दुसऱ्या दिवशी एका झाडाच्या खोडाला, माझ्या कपाळाच्या उंचीवर, घासल्याचा डाग दिसला, आणि पुढे काहीच नाही. बाबा दर वीस पावलांवर थांबून छातीवर हात ठेवत होता. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडलं.

तंबूत त्याने परवाना काढला आणि सुरीने त्यावरचा महिना कापला, मग तारीख. शिकार मिळाली की हे करायचं असतं.

"कायद्याने करायची गरज नाही," मी म्हणाले. "मोसमाचे अठरा दिवस आहेत अजून. नुसतं मांस फाटलं असेल, तर कदाचित तो जगेलही."

"किती जगतात?"

मी विस्तवात एक लाकूड सरकवलं.

"माझा एल्क झाला," तो म्हणाला. कापलेले दोन तुकडे त्याने विस्तवात टाकले. ते जळाल्यावर म्हणाला, "आठवर होतं ना?"

मी मान डोलावली.

"मला वाटलंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बारावर दिसलं, तेव्हा म्हटलं, मग मला नेमच धरता येत नाही आता. दोन दिवस तेच डोक्यात घेऊन चाललो." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "तसं करायला नको होतंस, पोरी."

"तुला वाईट वाटेल म्हणून—"

"वाटलंच असतं."

आम्ही बर्फात तंबू उतरवला. वाटेवर त्याने रायफल माझ्या खांद्याला दिली आणि घरापर्यंत परत मागितली नाही. मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर, मी एकटी त्या उतारावर गेले. झाडांच्या पट्ट्यात, आम्ही माग सोडला तिथून तीनशे यार्डांच्या आत, हाडं होती. मी ती मोजली नाहीत. घरी आल्यावर बाबाने विचारलं, आणि मी या वेळी खरं सांगितलं.