राणीसाहेबांच्या मातीला कोण हसलं

राणीसाहेब गेल्या त्या दिवशी राजवाड्याच्या चौकात चारशे माणसं रडत होती आणि एक माणूस हसला. तो मी.

हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडं सगळ्यांनी ते शोधण्यात महिना घालवला, तुम्ही घालवू नका.

साल बहात्तर. सातगावकर सरकारांचं संस्थान म्हणजे मलकापूरच्या वाटेवरची सात गावं, आणि राजवाडा तेवढा कोल्हापुरात. गावं कधीच गेली होती. मागल्या वर्षी दिल्लीनं तनखाही बंद केला. फाटकाबाहेर एस.टी., रेशन, निवडणूक सगळं रीतसर चालू होतं. फाटकाच्या आत मीठ होतं.

चाकरीला लागताना सरकार प्रत्येकाच्या जिभेवर स्वतःच्या हातानं चिमूटभर मीठ ठेवायचे. पुढं त्या माणसानं बेइमानी केली आणि ती सरकारांना कळली, की ते म्हणायचे, "माझं मीठ परत दे." एवढंच. माणूस होता तिथं पेंढा भरलेलं जनावर उभं राहायचं. काचेचे डोळे, पायाखाली लाकडी पाट, पाटावर पितळी पट्टी, पट्टीवर नाव आणि तारीख. हे कसं होतं ते मला विचारू नका. मी पुसणारा माणूस. जनावरांच्या दालनात फडकं घेऊन सकाळी आठ ते पाच माझी ड्यूटी. दालनात त्रेचाळीस जनावरं होती. त्यातली थोरल्या महाराजांनी मारलेली दोन. बाकी स्टाफ.

धोंडुबाई दर सोमवारी येऊन तिच्या नवऱ्याला, म्हणजे आता सांबराला, शिव्या द्यायची. "एवढी शिंगं आली, पण अक्कल आली का?" म्हणायची आणि जाताना त्याच्या कानामागं खाजवायची. मला हसू यायचं. पण सकाळी एकटा आत गेलो की हसू येत नसे. सगळ्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात ओल असायची. एकदा पुसलेलं फडकं चाटून बघितलं. खारट होतं.

मग पळून का नाही गेलास, असं लोक विचारतात. जोतीराम माळी पळाला होता. त्यानं सरकारांची नक्कल केली, ती सरकारांना कळली, हा फाटकातून निसटला आणि गडमुडशिंगीच्या गाडीत बसला. इकडं सरकारांनी त्याच्या रिकाम्या झारीकडं बघून तेच वाक्य म्हटलं. तिकडं कंडक्टरला सीटवर साळिंदर दिसलं, पाटासकट. त्यानं सामानाचं तिकीट फाडलं आणि पट्टी वाचून संध्याकाळी राजवाड्यावर आणून दिलं. तिकीट माझ्याकडं आहे.

तरी इतकी वर्षं आमचं निभावलं ते सरकारांच्या पायताणामुळं. आकाराम नावाचा कारागीर ती पायताणं करायचा. कर्रर्र कर्रर्र वाजणारी. तळाच्या चामड्यांमधे काय घालायचा ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. सरकार दोन दालनं पलीकडं असले तरी ऐकू यायचे, आणि ते पोचेपर्यंत आम्ही सगळे इमानी होऊन बसायचो. माणसाला थोडा वेळ इमानी राहायला काही वाटत नाही.

तर राणीसाहेब गेल्या. तिरडीजवळ सरकार शेवटचे आले, सगळे हुंदके थांबले, आणि त्या शांततेत मी हसलो. मोठ्यानं नाही. पण चौक दगडी होता.

सरकारांनी मान वर केली. "कोण हसलं?"

चारशे माणसांनी एकदम जमिनीकडं बघितलं. मीही बघितलं. माझ्या खांद्याला खांदा लावून निसारभाई उभा होता, राणीसाहेबांचा ड्रायव्हर, कुरुंदवाडचा. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, पण त्याचा खांदा दगडासारखा झाला. त्याला कळलं होतं.

तेरा दिवस सरकार काही बोलले नाहीत. चौदाव्या दिवशी त्यांनी आकारामला बोलावलं.

"आवाज न होणारी जोडी कर."

"सरकार, मुकं पायताण म्या कधी केलं न्हाय," आकाराम म्हणाला. "मालक आला का वारा आला, लोकांस्नी कळायचं कसं?"

"न्हाईच कळाय पायजे."

आकारामनं केली. करताना रडत होता म्हणतात.

पहिल्याच दिवशी सयाजी आचारी आमटीला फोडणी देता देता म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याला आता तिखटाचीबी चव कळत न्हाय." मागून आवाज आला, "तू हसलास का रं?" सयाजी म्हणाला, "न्हाय सरकार." "मग माझं मीठ परत दे." सयाजीचा ससा झाला. आमटी करपली, कारण बघायला कुणी उरलं नाही.

मग सगळे घाबरून स्तुती करायला लागले. भाजी चिरताना स्तुती, विहिरीवर स्तुती. संडासातनंसुद्धा "सरकार थोर हायत" असं कण्हत ऐकू यायचं. तानाबाईनं युक्ती काढली, व्हरांड्यात भुईमुगाची टरफलं पसरायची, म्हणजे पाऊल वाजेल. चाळीस माणसांनी दोन दिवस शेंगांशिवाय काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी सरकारांनी झाडूवाल्याला विचारलं, हा कचरा कुणाचा? तो "ठावं न्हाय" म्हणाला. त्याचा मुंगूस झाला, टरफलं निघाली आणि परत सगळं चिडीचूप.

दहा दिवसांत आठ जनावरं वाढली. प्रत्येकाला आधी तोच प्रश्न, तू हसलास का? प्रत्येकाचं खरं उत्तर, न्हाय. मी त्यांच्या पट्ट्या घासायचो. सयाजीची घासताना माझा हात थांबला. ज्याचं उत्तर माझ्याजवळ होतं त्या प्रश्नानं तो ससा झाला होता. मी तोंड उघडलं असतं तर आमटी तरी वाचली असती.

बोलायची सोय राहिली नाही म्हणून लोक चिठ्ठ्या लिहायला लागले. मीठ पाहिजे असलं तरी चिठ्ठी. नवरा-बायकोची भांडणंसुद्धा कागदावर, आणि वाचून झाली की चुलीत.

अशात एका दुपारी हंबीरराव कारभारी दालनात आले. आल्या आल्या त्यांनी प्रत्येक जनावराच्या मागं डोकावून बघितलं. मग एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. वर लिहिलं होतं, 'राणीसाहेबांच्या मातीला ड्रायव्हर निसार हसला. आम्ही समक्ष ऐकलं.' खाली नऊ सह्या. पहिली हंबीररावांची.

मी पुटपुटलो, "निसारभाई न्हाय हसला."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि खिशातून पेन्सिल काढून दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'एक गेला की सरकार शांत होतील. वाजणारी पायताणं परत येतील. त्याचं इथं हाय कोण बोलायला?'

निसारभाईची आई हुसेनबी कुरुंदवाडला होती, पण ती बोलून काय होणार? इथं तो एकटा. राणीसाहेब गेल्यावरही तो रोज मोटार धुवायचा, मागचं दार उघडायचा, माणूस चढून बसेल इतका वेळ थांबायचा आणि अलगद लावायचा. मग माझ्याबरोबर चहा प्यायचा. एकच कप, अर्धा त्याला, बशीतला मला. त्या दिवसाबद्दल तो मला एक शब्द बोलला नव्हता.

मी नकाराची मान हलवली. हंबीररावांनी परत लिहिलं. 'मग कोण हसलं?' आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले.

मी सही केली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला सरकारांनी सगळ्यांना दालनात बोलावलं. एका बाजूला जनावरं, एका बाजूला आम्ही. मधे निसारभाई, ड्रायव्हरची टोपी हातात. सरकार कधी आले कळलं नाही. बघतो तर त्याच्यासमोर उभे.

"लोकांनी लिहून दिलंय," कागद वर धरून ते म्हणाले. "तू हसलास?"

"न्हाय सरकार."

"मग कोण? तुला ठावं असंल."

निसारभाई टोपीकडं बघत राहिला. "ठावं न्हाय."

"राणीसाहेबांनी तुला भावासारखं वागवलं," सरकार हळू म्हणाले. "माझं मी–"

"म्या हसलो!"

आवाज माझा होता. इतका बारीक की लोकांनी आधी मुंगसाकडं बघितलं.

सरकार माझ्यासमोर आले. इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. महिन्याभराची दाढी, डोळे कोरडे ठाक.

"का?"

"राणीसाहेबांनी सांगितलं व्हतं, सरकार."

"काय?"

"आजारात. त्यांच्या खोलीतलं चितळ पुसाय गेलतो. म्हणाल्या, पिराजी, मी गेल्यावर सरकारांचं तोंड बघून ठेव. बावीस वर्षांत रडताना बघितलं न्हाय मी त्यांना. म्हणाल्या..."

"बोल."

"म्हणाल्या, हत्तीला शिंक येता येता ऱ्हायली की तो जसा दिसंल, तसे दिसत असणार बघ. आणि खरं निघालं तर माझ्या वाटणीचं एकदा हसून घे."

कुणी श्वास घेतला नाही. सांबरानंही नाही, पण ते नेहमीचंच.

सरकारांनी चष्मा सारखा केला. "ती असं म्हणाली?"

"व्हय."

"मला तिनं एक चेष्टा कधी सांगितली न्हाय. बावीस वर्षांत एक न्हाय." मग त्यांचा आवाज बदलला. "का तू आत्ता रचलंस?"

"आईशप्पत न्हाय, सरकार."

"मग बघ. मी रडतो. ती तसं म्हणाली असंल तर तुला हसू येईल. न्हाय आलं तर तू खोटा. मग तुझं मीठ परत आणि ह्याचंबी परत."

त्यांनी डोळे मिटले. काही होईना. कपाळावर आठी आली, गेली. मग ते अगदी हळू म्हणाले, "एक न्हाय गं," आणि नाक वर गेलं. नाकपुड्या फुगल्या. तोंड उघडलं, उघडंच राहिलं, डोळे गच्च, सगळं अंग कशाची तरी वाट बघत थांबलं. ते येईना. हुबेहूब. त्या दिवशीपेक्षाही हुबेहूब.

आणि मला हसू येईना.

लहानपणापासून मला नको तिथं हसू येतं. शाळेत मार खाताना आलंय, बापाच्या दहाव्याला आलंय. तिथं आमच्या दोघांच्या जिवावर बेतलं असताना माझं तोंड लाकडाचं झालं. मी गाल ओढून बघितले. हत्तीचा विचार केला. घशातून एक घाणेरडा आवाज आला, तो हसण्याचा नव्हता. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. सरकारांनी डोळे उघडले, माझं तोंड बघितलं आणि त्यांचे ओठ हलले.

तेवढ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.

निसारभाई. टोपी तोंडावर दाबली होती तरी खांदे गदागदा हलत होते.

"तुला काय झालं?" सरकार गर्रकन वळले.

"माफी असावी, सरकार," टोपीतून आवाज आला. "पण त्यांनी बरोबर वळखलं व्हतं. अगदी तसंच दिसतंय."

मग सरकार खरंच रडले. तोंडाला काही आकार न देता, पोरांसारखे, चष्मा न काढता. आम्ही तीस-बत्तीस माणसं भिंतीला चिकटून बघत होतो. कितीतरी वेळानं त्यांनी कागद निसारभाईपुढं धरला.

"चष्मा भिजलाय. वाच तूच. माझं मीठ खाऊन माझ्याशी खोटं बोलणारी कोण माणसं हायत ही? एकेक नाव घे."

निसारभाईनं वाचलं, "हंबीरराव."

"माझं मीठ परत दे."

माझ्या डावीकडं गार वारा आला. बघितलं तर गवा. अवाढव्य, पाट कमी पडलेला. पुढचे पाय कागद मागायला पुढं आल्यासारखे.

"पुढं," सरकार म्हणाले.

निसारभाईची नजर कागदावर खाली सरकत गेली. प्रत्येक सहीवर थोडी थांबत. तळाशी आली आणि तिथंच राहिली. मग त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी कधी नव्हे ते गव्याकडं बघण्यात गुंतलो.

"पुढं काय न्हाय, सरकार. एकच सही हाय."

आणि त्यानं कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, तोंडात टाकली आणि चावायला लागला.

सरकार बघत राहिले. बाकीचे आठ सहीवाले आणि मी, आमच्या जिभेवर मीठ चरचरायला लागलं, म्हणजे खरंच चरचरायला लागलं.

"काय खातोस?"

"भूक लागली, सरकार. सकाळपास्नं पोटात काय न्हाय."

सरकार त्याच्या जवळ गेले. त्याच्या हलणाऱ्या जबड्याकडं बघितलं. मग आमच्याकडं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्यावर नजर थांबली, का मला नुसतं तसं वाटलं, हे मी आजही सांगू शकत नाही.

"पाणी द्या त्याला," ते म्हणाले आणि निघून गेले. गेल्याचाही आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मोटारीकडं गेलो. निसारभाई मागचं दार पुसत होता. कप दिला, तर त्यानं घेतला. उभ्यानं सगळा प्यायला. बशीत ओतला नाही.

"निसारभाई..."

"वळणदार सही हाय तुझी, पिराजी," तो म्हणाला. नेहमीच्या आवाजात. म्हणजे त्याचा आवाज मोटारीच्या इंजिनावर वाढलेला, चौकाच्या पलीकडं जाईल असा.

"हळू की, हळू."

"का? वाईट काय बोललो? धा जणांत उठून दिसत व्हती. कुठं शिकलास?"

"गडमुडशिंगीच्या शाळंत," मी ओठ न हलवता म्हणालो.

"मास्तर चांगला असणार."

त्यानं नळाखाली कप विसळला, उलटा करून निथळला आणि माझ्या हातात न देता फरशीवर ठेवला. मग माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघितलं, आणि टोपी काढली.

मी वळून बघितलं नाही.