तिकडची काच

विश्वं अनेक असली तर देवाचं काय होतं, हा मानवजातीपुढचा सर्वांत गहन प्रश्न आहे. आमच्या घरात तो शिडीमुळे निघाला.

माझे सासरे खिडक्यांना काचा बसवतात. चढण्यापूर्वी शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून "देवा, आभारी आहे" म्हणायचं, ही त्यांची उभ्या जन्माची सवय. आभार आगाऊ का, असं मी एकदा विचारलं. "खाली येईनच याची काय खात्री?" म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्यांनी सकाळीच बसवलेली एक मोठी काच वरच्या मजल्यावरून निसटली. ते खाली शिडीच्या पायथ्याशी वाकून हत्यारं गोळा करत होते. काच त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर फुटली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. सासूबाई आधी रडल्या, मग ओरडल्या, मग त्यांनी गरम गरम वाढलं.

"देवानं वाचवलं," सासरे जेवताना म्हणाले. त्यावर माझे साडू बोलले. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात आणि घासागणिक समजावतात.

"बाबा, यात देव कशाला आणायचा? विश्वं असंख्य असतील, तर काहींत काच तुमच्या डोक्यात पडलीच. तुम्ही फक्त वाचलेल्यांपैकी."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तिकडे ही विधवा?"

"तत्त्वतः, हो."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी शिडीवर हात ठेवला आणि तसेच घरी परतले. तिकडे काच पडून गेलेल्यांच्या देखत आभार मानायची त्यांना लाज वाटे, आणि आभाराविना पाय उचलेना. पुढचे दिवसही तेच. खिडकीला पुठ्ठा, गिऱ्हाईक दारात. हा नुसता सिद्धांत आहे, असं साडू घसा कोरडा होईतो सांगत राहिले. पण एकदा निसटलेला सिद्धांतही परत चौकटीत बसत नाही.

शेवटी एकदा ताटं वाढता वाढता सासूबाई कडाडल्या. "अहो, तिकडच्या मला काय वाटेल? तिचा गेला तो गेला, आणि माझा धडधाकट असून तोंड पाडून बसलाय!"

"पण देव तिकडे कुठं होता गं?"

"तिच्यापाशी बसला असेल. त्याचं तो बघेल. तुम्हाला एक घर आवरत नाही, निघाले विश्वांची काळजी करायला!"

"शास्त्रीयदृष्ट्या याला पुरावा..." साडू म्हणाले.

"जावईबापू, जेवा."

सासऱ्यांनी ताट संपवलं. मग उठले.

गिऱ्हाइकाच्या दारात शिडी मी धरली. दुसरी बाजू, कुणी न सांगता, साडूंनी. "देवा, आभारी आहे," सासरे म्हणाले. जरा थांबून, "तिकडेही बघ." मी आस्तिक आहे की नाही, हे अजून ठरवलेलं नाही. पण मान वर करून त्यांच्या झिजलेल्या टाचा चढताना पाहिल्या आणि फार बरं वाटलं. साडूंनी चष्मा पुसला.

वर पोचून सासऱ्यांनी चौकटीला मापाची टेप लावली. पुन्हा लावली, आणि वहीतलं जुनं माप पाहिलं.

आधीची काच बोटभर आखूड होती. कापली त्यांनीच होती.