आजोबांचा लाल उजेड

फोटोवाल्या आजोबांचा जीव टांगणीला लागला होता. जन्मून आठवडाही न झालेली त्यांची नात काविळीने पिवळीधमक पडली होती. डॉक्टरांनी तिला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली उघडंच निजवलं होतं. कावीळ उतरली नाही तर संध्याकाळी रक्त बदलावं लागेल, असं ते सांगून गेले होते.

पोर टाहो फोडत होतं. आजोबांना बघवेना. उभा जन्म डार्करूममध्ये फोटो धुण्यात गेलेला माणूस. निळा उजेड फोटोचा कागद नासवणारा वैरी आणि लाल तेवढा आपला, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. ते तडक स्टुडिओतून लाल जिलेटिनचा कागद घेऊन आले आणि सिस्टरची पाठ वळताच दिव्यावर चिकटवून मोकळे झाले. पोर झोपलं. आजोबांना गड जिंकल्यासारखं वाटलं.

तासाभराने सिस्टर आली आणि तिने कपाळावर हात मारला. "अहो आजोबा, हे काय करून ठेवलंत?"

"उजेड आहे की! कमी पडत असेल तर आणखी दोन लाल दिवे लावा."

"दोन काय, दोनशे लावले तरी उपयोग नाही!" तिने कागद टरकन ओढला. "उजेड सुट्या सुट्या कणांनी येतो. कंपनं जितकी जलद, तितका एकेका कणात जोर जास्त. निळ्या कणाची कंपनं जलद, म्हणून तो काविळीचं पिवळं द्रव्य बदलतो, मग ते शरीरातून निघून जातं. लाल कणाची कंपनं संथ, जोर कमी. असे ढीगभर आले तरी एकाची कसर दुसरा भरून काढत नाही."

आजोबा स्टुलावर बसले. लाल उजेडात फोटोचा कागद कितीही वेळ ठेवला तरी काळा पडत नाही, म्हणून तर त्यांनी त्याच्यावर एवढा विश्वास टाकला होता. ज्याच्याने काही बिघडत नाही, त्याच्याने सुधारणार तरी काय, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

निळा उजेड पडला, पोर पुन्हा रडू लागलं. दीड-दोन तासांपूर्वी दूध पाजून पलीकडच्या खाटेवर झोपलेली लेक उठून आली. "बाबा, थोडा वेळ जवळ घेते हो."

"हात लावू नकोस. मघाशी मी दिवा झाकला होता. तिचा तासभर माझ्यामुळे वाया गेला."

लेकीने हात मागे घेतला. त्यांच्या शेजारी बसून राहिली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. कावीळ थोडीशीच उतरली होती, पण रक्त बदलायची गरज नव्हती. दिवा चालू ठेवला की झालं. आजोबा नातीवर वाकले. "रड गं बाई, खुशाल रड," म्हणाले, आणि स्वतःच हमसून रडायला लागले.